सुकाणू कोणाच्या हाती?

आठ वर्षांच्या एका मुलाची दृष्टी फार वेगाने अधू होत चालली होती. सतत पुस्तकात नाक खुपसून बसण्याची सवय, आणि चष्म्याचा नंबर वाढतच चाललेला. डॉक्टरांनी निर्वाणीचा सल्ला दिला: सहा महिने वाचन पूर्ण बंद. आज मायोपियासाठी असा सल्ला कोणी देणार नाही. मुलाला रोज थोडा वेळ उन्हात, मोकळ्यावर खेळू द्या, एवढेच आम्ही सांगतो. पण हा काळ विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचा होता. वडिलांनी शिकवणी थांबवली नाही, ती तोंडी सुरू ठेवली. मुलाने ऐकायचे, आकृती मनातच काढायची, गणित मनातच सोडवायचे आणि उत्तर सांगायचे. सहा महिन्यांनी पुस्तके परत हातात आली, तेव्हा कागदाशिवाय विचार करण्याची सवय त्याच्या अंगी मुरली होती.

या मुलाचे नाव नॉर्बर्ट वीनर. आज कृत्रिम बुद्धिमत्तेची, म्हणजे एआयची चर्चा घरोघरी चालते. स्वतःच्या कामाचा निकाल पाहून स्वतःची वागणूक सुधारणारे यंत्र, ही या चर्चेच्या मुळाशी असलेली कल्पना ज्यांनी प्रथम नीट मांडली त्यांत वीनर यांचे नाव फार वर आहे. ती मांडताना त्यांना मोठी मदत झाली ती वैद्यकशास्त्राची. आणि या यंत्रांपासून कोणत्या बाबतीत जपून राहायला हवे, हेही त्यांनी फार लवकर सांगून ठेवले.

नॉर्बर्टचा जन्म २६ नोव्हेंबर १८९४ रोजी अमेरिकेतील मिसुरी राज्यातल्या कोलंबिया गावी झाला. वडील लिओ वीनर हे तेव्हाच्या रशियन साम्राज्यातील बियालिस्टोकहून आलेले ज्यू गृहस्थ. अनेक भाषा त्यांना येत, आणि पुढे ते हार्वर्ड विद्यापीठात स्लाव्ह भाषांचे प्राध्यापक झाले. मुलाला त्यांनी बराच काळ घरीच शिकवले. शिकवणे उत्तम, पण शिस्त करडी. मुलाचे उत्तर चुकले की त्यांचा पारा चढे आणि धडा रडण्यात संपे. त्यात आणखी एक गोष्ट मुलाच्या मनाला कायमची लागली. आपला मुलगा मुळात सामान्यच आहे, जे काही आहे ते आपल्या शिकवण्याचे फळ, असे वडिलांनी जाहीरपणे मांडले. म्हणजे यश मिळाले तर ते वडिलांचे, आणि अपयश आले तर ते मात्र आपले, असा अर्थ मुलाने काढला. वीनर यांना आयुष्यभर अधूनमधून नैराश्याने ग्रासले. त्याची सगळी कारणे बालपणात शोधणे बरोबर नाही. पण चूक दाखवून देणे आणि चुकीसाठी माणसाला तोडणे यांतला फरक त्यांना लहानपणीच कळला असावा.

अकराव्या वर्षी, १९०६ मध्ये, ते शाळेतून बाहेर पडले. चौदाव्या वर्षी टफ्ट्स कॉलेजातून गणिताची पदवी घेतली. मनात मात्र जीवशास्त्र होते. हार्वर्डला प्राणिशास्त्रासाठी नाव घातले, पण हात धसमुसळे आणि नजर कमजोर. विच्छेदन आणि सूक्ष्मदर्शकाचे काम त्यांच्याने होईना. तो नाद सोडावा लागला आणि तत्त्वज्ञानातून ते गणिती तर्कशास्त्राकडे वळले. १९१३ मध्ये, अठराव्या वर्षी, हार्वर्डची डॉक्टरेट मिळाली. पुढे केंब्रिजला बर्ट्रांड रसेल आणि हार्डी, तर गटिंगेनला हिल्बर्ट यांच्याकडे ते शिकले. ज्ञानकोशासाठी नोंदी लिहिणे, वर्तमानपत्रात बातमीदारी करणे, असे प्रकारही करून पाहिले. १९१९ मध्ये एमआयटी या संस्थेत गणिताचे अध्यापक म्हणून लागले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले. प्रयोगशाळेने नाकारलेला हा माणूस पुढे गणिताच्या दाराने जीवशास्त्रात परत शिरला.

एमआयटीत त्यांनी हाती घेतलेला पहिला मोठा विषय होता ब्राउनियन गती. पाण्यात तरंगणारा परागातला बारीक कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर तो सारखा इकडेतिकडे हिंदकळताना दिसतो. त्याचा पुढचा झोका कुठे जाईल ते सांगता येत नाही. पण अशा बेभरवशाच्या हालचालींचेही गणित असते, आणि ते वीनर यांनी १९२०च्या दशकात पक्क्या पायावर उभे केले. मागचे सारे ठाऊक असताना पुढच्याबद्दल किती आणि कोणत्या भरवशाने सांगता येते, हा प्रश्न तेव्हापासून त्यांच्या सोबत राहिला.

दुसऱ्या महायुद्धात तोच प्रश्न जीवनमरणाचा झाला. विमानावर जमिनीवरून तोफ डागायची तर गोळा तिथे पोचायला काही सेकंद लागतात. तेवढ्या वेळात विमान पुढे गेलेले असते. म्हणून विमान जिथे आहे तिथे नेम धरून उपयोग नाही, ते जिथे असेल तिथे धरावा लागतो. शिवाय वैमानिक हा माणूस असतो, चुकवाचुकवी करणारच. वीनर आणि ज्युलियन बिगेलो या तरुण अभियंत्याने एका यंत्राची आखणी सुरू केली. विमानाचा आतापर्यंतचा मार्ग पाहायचा, पुढचा अंदाज बांधायचा, अंदाज आणि प्रत्यक्ष यांतला फरक मोजायचा आणि त्या फरकाने पुढचा अंदाज सुधारायचा. युद्धात हे यंत्र प्रत्यक्ष वापरात आले नाही. पण त्यामागचे गणित टिकले. गोंगाटातून खरा संकेत वेगळा काढण्याच्या तंत्रात त्यांच्या नावाचा फिल्टर आजही अभियंते शिकतात.

इथे त्यांना एक अडचण जाणवली. चुकीवरून सुधारणाऱ्या यंत्रात सुधारणा जास्त जोरात झाली, किंवा उशिरा झाली, तर ते लक्ष्याच्या पलीकडे जाते. मग ते परत फिरते, तेही जास्तच, आणि असे हेलकावे वाढत जातात. दोघांनी आर्तुरो रोझेनब्लूथ या मेक्सिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ मित्राला विचारले: माणसात असा काही आजार असतो का, ज्यात रुग्ण एखादी वस्तू घ्यायला जातो, हात पलीकडे जातो आणि मग आवरता न येणारे हेलकावे सुरू होतात? रोझेनब्लूथ यांनी लगेच उत्तर दिले. असतो, लहान मेंदूला इजा झाल्यावर असे होते.

मेंदूविकाराच्या रुग्णाला तपासताना आम्ही डॉक्टर रोज ही चाचणी करतो. स्वतःच्या नाकाला बोट लावा, मग माझ्या बोटाला लावा, असे रुग्णाला सांगतो. पार्किन्सनच्या रुग्णाचा हात मांडीवर स्वस्थ असताना थरथरतो आणि हालचाल करताना थरथर बरीच कमी होते. लहान मेंदूच्या रुग्णाचे उलटे असते. हात स्वस्थ असतो, पण बोट लक्ष्याच्या जवळ येऊ लागले की डावी-उजवीकडे झोके घेऊ लागते. स्नायूंत ताकद असते, डोळ्यांना दिसत असते, रुग्णाची इच्छाही असते. बिघडलेली असते ती वाटेत होणारी दुरुस्ती. आपण पेला उचलतो तेव्हा हात कुठे आहे आणि कुठे जायला हवा, यातला फरक मेंदू क्षणोक्षणी मोजत असतो आणि हालचाल सुधारत असतो. निकालाची बातमी अशी परत फिरून कर्त्याकडे येणे, यालाच फीडबॅक म्हणतात.

तोफेचे यंत्र आणि माणसाचा हात एकाच नियमाने चालतात आणि एकाच प्रकारे बिघडतात, हे त्या उत्तराने पक्के झाले. १९४३ मध्ये तिघांनी मिळून एक निबंध प्रसिद्ध केला. हेतूने वागणे म्हणजे काय, याचे उत्तर त्यांनी फीडबॅकच्या भाषेत दिले: ध्येय ठरलेले असणे, ध्येयापासूनचे अंतर मोजता येणे आणि त्या अंतरानुसार वागणूक बदलणे. रोझेनब्लूथ हे हार्वर्डमध्ये वॉल्टर कॅनन यांचे सहकारी होते. शरीर आपले तापमान, रक्तातली साखर, क्षार हे सारे ठरावीक मर्यादेत कसे राखते, त्याला ‘होमिओस्टॅसिस’ हे नाव देणारे ते हेच कॅनन. त्यामुळे ही कल्पना डॉक्टरांच्या ओळखीच्याच अंगणात वाढली.

युद्ध संपण्याआधीच, १९४४ मध्ये, रोझेनब्लूथ मेक्सिकोच्या राष्ट्रीय हृदयरोग संस्थेत गेले, आणि वीनरही तिथे वरचेवर जाऊन काम करू लागले. हृदयाच्या स्नायूतून विजेची लाट कशी पसरते याचे गणित दोघांनी १९४६ मध्ये मांडले. एकदा उत्तेजित झालेली पेशी काही काळ पुन्हा उत्तेजित होत नाही. या एका साध्या नियमावरून, लाट एखाद्या अडथळ्याभोवती गोल फिरत राहिली तर हृदयाची लय कशी बिघडते, हे त्यांनी दाखवले. विच्छेदनात नापास झालेला विद्यार्थी हृदयविज्ञानात असे भर घालून गेला.

१९४८ मध्ये वीनर यांचे ‘सायबरनेटिक्स’ हे पुस्तक आले. ते रोझेनब्लूथ यांनाच अर्पण केलेले आहे. हा शब्द त्यांनी जहाजाचे सुकाणू धरणाऱ्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून घेतला. सुकाणूधर जहाज एकदाच वळवून हात झटकत नाही. वारा आणि लाटा जहाजाला सतत बाजूला ढकलतात, आणि तो सतत परत वळवत राहतो. पुस्तक समीकरणांनी भरलेले असूनही हातोहात खपले. दोन वर्षांनी सामान्य वाचकांसाठी त्यांनी सोपे पुस्तक लिहिले, त्यात यंत्रयुगात माणसाने माणसाला कसे वापरावे हा विषय होता.

फीडबॅकच्या दोन पायऱ्या वीनर यांनी वेगळ्या केल्या. आजचे एआय समजून घ्यायला तो फरक फार उपयोगी आहे.

पहिली पायरी घरातल्या फ्रिजची. आत गरम झाले की यंत्र सुरू, पुरेसे थंड झाले की बंद. ते स्वतःची कृती सुधारते, पण पद्धत बदलत नाही. दहा वर्षे चाललेला फ्रिज पहिल्या दिवशी जितका शहाणा होता तितकाच आजही असतो. दुसऱ्या पायरीवर यंत्र आपल्या मागच्या कामगिरीची नोंद ठेवते. कोणत्या परिस्थितीत काय केले आणि त्याचे काय झाले, हे ज्ञान साठवते आणि त्यावरून आपली पद्धतच बदलते. आणीबाणीच्या विभागात नवा डॉक्टर पहिल्या महिन्यात छातीत दुखणाऱ्या रुग्णाकडे जसे पाहतो तसे पाच वर्षांनी पाहत नाही. मधल्या काळात प्रत्येक रुग्णाने त्याची नजर थोडीथोडी बदललेली असते. या दुसऱ्या पायरीला वीनर शिकणे म्हणत. यंत्राच्या बाबतीतही हा शब्द वापरायला त्यांना संकोच वाटत नव्हता.

असे यंत्र लवकरच प्रत्यक्षात आले. आयबीएममधील आर्थर सॅम्युएल यांनी चेकर्स या सोंगट्यांच्या खेळाचा संगणक प्रोग्राम लिहिला आणि १९५९ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. प्रोग्राम आधीच्या डावांतल्या स्थिती लक्षात ठेवी. सोंगट्यांची संख्या, पटावरचा ताबा अशा गोष्टींना किती महत्त्व द्यायचे, ते आकडे तो निकाल पाहून स्वतःच बदलत असे. आठ-दहा तासांच्या खेळात तो, ज्याने त्याला लिहिले त्याच्यापेक्षा चांगला खेळू लागे. १९६१ मध्ये ‘सायबरनेटिक्स’ची दुसरी आवृत्ती आली तेव्हा वीनर यांनी तिच्यात शिकणाऱ्या यंत्रांवर नवे प्रकरण घातले.

यापूर्वीच, १९५५-५६ मध्ये, वीनर भारतात येऊन गेले होते. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत ते पाहुणे प्राध्यापक होते. मुंबईत जन्मलेले आणि मुंबईतच गणित शिकवणारे पेसी मसानी यांच्याशी त्यांचे तेव्हा सूत जुळले. एकाच वेळी बदलणाऱ्या अनेक राशींचा पुढचा अंदाज कसा बांधायचा, यावर दोघांनी मिळून महत्त्वाचे निबंध लिहिले. वीनर यांच्या मृत्यूनंतर त्यांचे सर्व शोधनिबंध चार खंडांत संपादित केले ते मसानी यांनीच, आणि १९९० मध्ये त्यांचे चरित्रही लिहिले.

वीनर यांच्या स्वभावाचा दुसरा भाग हा की त्यांनी स्वतःच्या शोधाची धास्ती लपवली नाही. हिरोशिमानंतर त्यांचे मन युद्धाच्या कामावरून उडाले. १९४६च्या अखेरीस एका विमान कंपनीतल्या संशोधकाने क्षेपणास्त्रांच्या कामासाठी त्यांचा युद्धकाळातला अहवाल मागितला. त्यांनी नकार दिला आणि नकाराचे पत्र जानेवारी १९४७ मध्ये एका मासिकात जाहीरपणे छापले. १९४९ मध्ये त्यांनी मोटार कामगारांच्या संघटनेचे नेते वॉल्टर रॉयथर यांना आपण होऊन पत्र लिहिले. स्वतःला सांभाळणारी यंत्रे कारखान्यात येत आहेत, बेकारीची मोठी लाट येऊ शकते, कामगारांनी आधीच विचार करावा, असे त्यात होते. अशा बोलण्याने मित्र दुरावतात, सरकारी पैसा थांबतो, हे त्यांना ठाऊक होते. तेही त्यांनी पत्करले.

१९६० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी शिकणाऱ्या यंत्रांबद्दलचा इशारा नेमका मांडला. शिकणारे यंत्र त्याच्या कर्त्याच्या मर्यादा ओलांडू शकते. ते फार वेगाने चालते, माणूस सावकाश विचार करतो. काहीतरी बिनसले आहे हे माणसाच्या ध्यानात येईपर्यंत यंत्राने काम उरकलेले असू शकते. म्हणून यंत्राला आपण जे ध्येय देतो ते आपल्याला खरोखर हवे तेच आहे ना, त्याची नुसती नक्कल नाही ना, हे आधी तपासायला हवे. त्याच वर्षी त्याच नियतकालिकात सॅम्युएल यांनी उत्तर दिले. यंत्राला स्वतःची इच्छा नसते, ते सांगितलेलेच करते, तेव्हा भीती अनाठायी आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

दोघांचे म्हणणे एकत्र वाचले तर लक्षात येते की सॅम्युएल यांनी वीनर यांना खोडून काढलेच नाही. यंत्र सांगितलेलेच करते, हीच तर वीनर यांची काळजी होती. ती समजावताना ते ‘मंकीज पॉ’ ही इंग्रजी कथा सांगत. इच्छा पूर्ण करणारा माकडाचा पंजा एका वृद्ध जोडप्याच्या हाती येतो. ते दोनशे पौंड मागतात. पैसे मिळतात, पण कारखान्यात यंत्रात सापडून मेलेल्या त्यांच्या मुलाची भरपाई म्हणून. पंजाने मागितलेले अक्षरशः दिले. ‘पण मुलाच्या जिवावर नको’ हे सांगायचे राहिले होते. आपल्याकडच्या पुराणांतही वर मागताना शब्दांत चूक झाली की तोच वर अंगावर येतो. माणसासारखा नोकर न बोललेलेही समजून घेतो. यंत्र फक्त मोजता येईल तेवढेच समजते.

आता आजच्या वैद्यकाकडे येऊ. मधुमेहाच्या रुग्णाला त्वचेखाली इन्सुलिन दिले की पूर्ण परिणाम व्हायला वेळ लागतो. साखर लवकर उतरत नाही म्हणून काही जण घाईने दुसरा डोस घेतात, दोन्ही डोस एकत्र काम करू लागतात आणि साखर धोक्याच्या खाली जाते. उशिराच्या फीडबॅकवर घाईची दुरुस्ती केल्याने येणारा हाच तो हेलकावा. आता त्वचेखालचा सेन्सर दर काही मिनिटांनी साखर मोजतो, पंप आपोआप इन्सुलिन कमी-जास्त करतो, आणि काही उपकरणे त्या रुग्णाच्या मागच्या दिवसांच्या नोंदींवरून आपले हिशेबही जुळवून घेतात. अमेरिकेत अशा पंपाला २०१६ मध्ये परवानगी मिळाली. हे वीनर यांच्या कल्पनेचे देखणे रूप आहे. ते सुरक्षित राहते, कारण ध्येय स्पष्ट आहे, ते थेट मोजता येते, खालची मर्यादा पाळण्याची व्यवस्था आत आहे आणि रुग्ण स्वतः पंप थांबवू शकतो.

जिथे ध्येय थेट मोजता येत नाही तिथे मात्र माकडाचा पंजा डोके वर काढतो. १९९०च्या दशकात अमेरिकेत न्यूमोनियाच्या रुग्णांच्या नोंदींवरून, कोणाला दाखल करावे आणि कोणाला घरी पाठवता येईल हे ठरवू शकणारे प्रोग्राम तयार झाले. त्यांतल्या एकाने नियम शिकला: दमा असेल तर न्यूमोनियाने मरण्याचा धोका कमी. कोणताही डॉक्टर चपापेल, कारण अशा रुग्णाची आम्हाला जास्त काळजी असते. पण यंत्र खोटे बोलत नव्हते. दम्याच्या रुग्णांना न्यूमोनिया झाला की ते थेट अतिदक्षता विभागात जात, तिथे नेटाने उपचार होत, म्हणून त्यांतले कमी दगावत. नोंदींत मृत्यू होते, ती धावपळ नव्हती. तो नियम डोळे मिटून वापरला असता तर नेमक्या त्याच रुग्णांना घरी पाठवले गेले असते. संशोधकांनी तो वेळीच ओळखला, कारण त्या प्रोग्रामचे नियम माणसाला वाचता येत होते.

दुसरे उदाहरण २०१९ मधले आहे आणि तेही ‘सायन्स’मध्येच प्रसिद्ध झाले. अमेरिकेत कोणत्या रुग्णांना जादा देखभालीची गरज आहे हे सांगणारे एक सॉफ्टवेअर मोठ्या प्रमाणावर वापरात होते. ‘गरज’ मोजणे अवघड, म्हणून त्याला शिकवताना ‘खर्च’ हे माप दिले गेले. ज्याच्या उपचारांवर जास्त खर्च होईल तो जास्त गरजू, असे गृहीत धरले. पण तितक्याच आजारी असलेल्या कृष्णवर्णीय रुग्णांवर तिथे कमी पैसे खर्च होत होते, कारण उपचार त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हते. सॉफ्टवेअरने खर्चाचा अंदाज बरोबर बांधला आणि जास्त आजारी माणसांना मागे ठेवले. हा दोष दूर केला तर जादा मदत मिळणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असे संशोधकांनी दाखवले. वर्णाची माहिती या सॉफ्टवेअरला दिलेलीही नव्हती. चुकले होते ते फक्त माप.

यात आणखी एक गाठ आहे. असे सॉफ्टवेअर सल्ला देते, सल्ल्यानुसार उपचार होतात किंवा होत नाहीत, आणि त्यांचीच नोंद त्याचा पुढचा धडा बनते. ज्याला मागे ठेवले त्याच्यावर खर्च कमीच होणार, आणि खर्च कमी झाला म्हणून तो पुन्हा कमी गरजू ठरणार. आपल्याकडेही रुग्णालयांच्या नोंदी संगणकावर जात आहेत. दूरच्या पाड्यावरून जी बाई बसभाड्याअभावी दवाखान्यात पोचतच नाही, तिची नोंद कुठेच नसते. नोंदींवर शिकणाऱ्या यंत्राच्या लेखी ती ठणठणीत असते. हे काम यंत्र बंद करून सुटणारे नाही. तिच्यापर्यंत कोण पोचते आणि तिची नोंद कोण करते, यावर ते सुटेल.

वीनर यंत्रविरोधी नव्हते, हे त्यांच्या अखेरच्या वर्षांतल्या एका घटनेवरूनही दिसते. जिन्यावरून पडून त्यांच्या खुब्याचे हाड मोडले आणि बोस्टनच्या रुग्णालयात त्यांना पडून राहावे लागले. तिथले अस्थिरोगतज्ज्ञ मेल्विन ग्लिमचर यांच्याशी त्यांनी खाटेवरूनच आपली जुनी कल्पना मांडली: हात तुटलेल्या माणसाच्या उरलेल्या स्नायूंत अजूनही विजेचे संकेत येतात, मग त्यांवर कृत्रिम हात का चालू नये? त्यातून अभियंते आणि डॉक्टर एकत्र आले, आणि १९६०च्या दशकात ‘बोस्टन आर्म’ हा विजेवर चालणारा हात तयार झाला. इथे ध्येय रुग्णाच्या मनात राहते आणि यंत्र त्याच्या स्नायूंचे ऐकते.

जानेवारी १९६४ मध्ये त्यांना अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक मिळाले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १८ मार्च रोजी, स्टॉकहोममध्ये हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय होते ६९. ‘गॉड अँड गोलेम’ हे शिकणाऱ्या यंत्रांवरचे त्यांचे छोटे पुस्तक त्याच वर्षी आले आणि पुढच्या वर्षी त्याला अमेरिकेचा राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार मिळाला. तो घ्यायला ते नव्हते.

रुग्णालयात, विमा कंपनीत किंवा हातातल्या फोनवर एखादे सॉफ्टवेअर तुमच्या प्रकृतीबद्दल काही सांगू लागले, तर विचारायचे प्रश्न वीनर यांनी साठ वर्षांपूर्वीच तयार करून ठेवले आहेत. हे कशावरून शिकले? कोणाच्या नोंदी त्यात आहेत आणि कोणाच्या नाहीत? ते बरोबर आहे की चूक, हे कोणत्या मापाने ठरवले? त्याचा सल्ला चुकला तर ती बातमी त्याच्याकडे परत जाते का, आणि ते थांबवण्याचा अधिकार कोणा माणसाकडे आहे का? हे प्रश्न विचारायला गणित यावे लागत नाही. डॉक्टरांना, रुग्णालयाला, विमावाल्याला ते खुशाल विचारावेत. उत्तर ‘संगणकाने सांगितले’ एवढेच आले, तर सुकाणूवर कोणाचाच हात नाही असे समजावे आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे.